पुस्तक लपवून शिकलेली सुसी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गुलामांना लिहावाचायला शिकवणे कायद्याने गुन्हा होता. तेथे १८४८ साली गुलामीत जन्मलेली सुसी किंग टेलर पुस्तके कागदात गुंडाळून गुपचूप शिकायला जाई.

१८६२ साली यादवी युद्धात ती काकांसोबत उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला आली. वयाच्या चौदाव्या वर्षी ती सेंट सायमन्स बेटावर दिवसा सुमारे ४० मुलांना आणि रात्री मोठ्या माणसांना शिकवू लागली. पुढे काळ्या सैनिकांच्या पलटणीत तिचे नाव लागले ते कपडे धुण्यासाठी. पण तिने जखमींची शुश्रूषा केली, देवीच्या रोग्याची सेवा केली आणि जवानांना अक्षरे शिकवली. चार वर्षांहून अधिक काळ राबूनही तिला एक डॉलर पगार मिळाला नाही! युद्धानंतर तिने सवाना शहरात शाळा काढली. १९०२ साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. सुसी आम्हाला त्याच मालिकेतील वाटते.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांमुळे आपल्या लेकरांना पुस्तक लपवावे लागत नाही. मग शिकलेल्यांनी रोज संध्याकाळी एक तास विहारात वस्तीतल्या मुलांसाठी द्यायला काय हरकत आहे?