काकूंचं ब्रॉन्झ

गेल्या गणपतीत आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि आमच्या मंडळातल्या एका पोराने माइक हातात घेतला. "काकूंना फिगर स्केटिंगमध्ये ब्रॉन्झ मिळालंय!" टाळ्या पडल्या. रात्री साताऱ्याहून वहिनीचा फोन. "वन्सं, तिसऱ्या आलात म्हणे. पहिल्या दोघी कोण होत्या हो?"

कोणीच नव्हत्या. बर्फावर मी एकटी होते आणि कठड्यापाशी जाड कोट घालून, मांडीवर ब्लँकेट घेऊन बसलेल्या परीक्षक बाई होत्या. ब्रॉन्झ हे परीक्षेचं नाव आहे. आपल्याकडे गांधर्वच्या परीक्षा असतात, शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट असते, तसंच हे. मुलगी प्रवेशिका पास झाली म्हणजे तिला गाण्यात पदक मिळालं, असं कुणी म्हणत नाही.

इथे अमेरिकेत या खेळाचा कारभार यू. एस. फिगर स्केटिंग ही १९२१ साली स्थापन झालेली संस्था पाहते. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी तिने परीक्षांची वेगळी वाट आखून दिली आहे: प्री-ब्रॉन्झ, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी होत नाही, त्या पातळीसाठी ठरवलेल्या दर्जाशी होते. एका सकाळी दहा जण बसले तर दहाही पास होऊ शकतात, आणि एकही नाही असंही घडू शकतं. गोंधळात भर म्हणजे मुख्य वाटेवरची सर्वोच्च परीक्षा पास होणाऱ्याला ही संस्था खरोखरच 'गोल्ड मेडलिस्ट' म्हणते. वहिनीला हे मी अजून सांगितलेलं नाही.

"या वयात उड्या मारता?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. दोष टीव्हीचा. ऑलिम्पिकमध्ये दिसतात त्या उड्या आणि गिरक्या, म्हणून फिगर स्केटिंग म्हणजे उड्या. मी दिली ती स्किल्सची परीक्षा. तिच्यात उडी नाही, एका जागी गरगर फिरणं नाही, संगीत नाही, चमकीचा पोशाख नाही. उड्या असतात त्या फ्री स्केटच्या परीक्षेत, आणि तिला बसण्याआधी त्याच पातळीची स्किल्स पास व्हावी लागते. आधी अलंकार, मग ताना.

मग स्किल्समध्ये असतं काय? रेषा. फिगर स्केटिंग या नावातली 'फिगर' म्हणजे नाचणाऱ्याची आकृती नव्हे, बर्फावर पात्याने कोरलेली आकृती. जुन्या स्पर्धांमध्ये खेळाडू कोऱ्या बर्फावर आठाचा आकडा आणि त्याचे प्रकार एकावर एक गिरवायचे, आणि परीक्षक वाकून त्या खुणा तपासायचे. एके काळी एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या गिरवण्याला असत. १९७२ च्या सापोरो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा फ्री स्केटमध्ये सातवी आली, तरी सुवर्णपदक तिचंच, कारण आकृत्यांमध्ये तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. टीव्हीच्या प्रेक्षकाला ते काही उमगेना. आकृत्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. पण पायाला जी शिस्त त्या लावत, ती कुठून आणायची? त्या गरजेतून अमेरिकेत 'मूव्ह्ज इन द फील्ड' नावाच्या परीक्षा आल्या. आता त्यांनाच 'स्केटिंग स्किल्स' म्हणतात.

ब्रॉन्झमध्ये 'सर्कल एट' नावाचा एक प्रकार आहे, तो या जुन्या आकृत्यांचा थेट वंशज. दिसायला इतका साधा की बघणाऱ्याला वाटतं, बाई अजून सुरुवात कधी करणार? एका जागी उभं राहायचं. एकच ढकल घ्यायची. मग एका पायावर पूर्ण वर्तुळ फिरून निघालो त्याच ठिपक्यावर परत यायचं, आणि तिथून दुसऱ्या पायावर दुसरं वर्तुळ. वर्तुळाचा व्यास साधारण आपल्या उंचीच्या तिप्पट. माझी उंची पाच फूट, म्हणजे व्यास पंधरा फूट आणि परीघ सुमारे ४७ फूट. एवढं अंतर एका ढकलीवर, एका पायावर, पात्याच्या एकाच कडेवर. अर्ध्यात शरीर थोडं जरी आत वळलं तर वर्तुळ चिरमुटतं आणि आपण ठिपक्याच्या अलीकडेच पोचतो. बाहेर झुकलो तर वर्तुळ अंड्यासारखं लांबतं. पहिले तीन महिने माझी वर्तुळं म्हणजे नवशिक्या सुनेच्या पोळ्या होत्या, निरनिराळ्या देशांचे नकाशे.

"तोल सांभाळला की झालं"

तोल लागतोच. पण तोल सांभाळून सरळ उभं राहून घसरत जाणाऱ्याला या परीक्षेत काही मिळत नाही. इथे तोल मुद्दाम एका बाजूला टाकायचा असतो.

स्केटच्या पात्याकडे नीट पाहिलं तर कोडं सुटतं. ते सुरीसारखं धारदार नसतं. जाडी सुमारे ४ मिलिमीटर आणि तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ घासलेली. तिच्यामुळे दोन कडा तयार होतात, पायाच्या आतल्या बाजूची इनसाइड एज आणि बाहेरच्या बाजूची आउटसाइड एज. शिवाय पातं पुढून मागे किंचित कमानदार असतं, सात-आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा तसं. शरीर घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत कलतं, पातं एका कडेवर येतं आणि कमानीमुळे वाट आपोआप वळते. वळवावं लागत नाही. कंबरेत मोडून कललं तर मात्र कड सुटते आणि पात्याच्या दोन्ही कडा बर्फावर टेकतात. त्याला 'फ्लॅट' म्हणतात, आणि परीक्षकांचा चेहरा तो शब्द न उच्चारताही ते सांगतो.

बाकी सगळं या दोन कडांवर उभं आहे. 'थ्री-टर्न' म्हणजे एकाच पायावर पुढून मागे वळणं, बर्फावर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी खूण उमटते म्हणून ते नाव. 'मोहॉक'मध्ये पाय बदलून दिशा पालटायची, पण वाट त्याच वळणावर चालू ठेवायची. 'क्रॉसओव्हर'मध्ये बाहेरचा पाय आतल्यावरून टाकत वळणावर वेग घ्यायचा. वरच्या पातळ्यांवर ब्रॅकेट आणि ट्विझल येतात, तिथे मी अजून पोचलेली नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल फुशारकी मारत नाही.

आणि प्रत्येक प्रकारात परीक्षक काय पाहणार, हे आधीच छापलेलं असतं. कुठे जोर, कुठे कडेची शुद्धता, कुठे मागच्या पायाचा ताण, कुठे न तुटणारा ओघ, कुठे पावलांची चपळाई. हे न वाचता कित्येक जण सगळीकडे एकच धोरण ठेवतात: जोरात जा. मीही ठेवलं होतं. रिंकच्या कडेने जोर दाखवायचा तिथे ते चाललं. कडा दाखवायच्या तिथे वेगाने माझ्या कडा खाऊन टाकल्या. कानांनीही तपासतात हे लोक. चांगल्या कडेचा आवाज रेशीम फाडल्यासारखा, खोल आणि सलग येतो. पात्याच्या टोकाला असलेल्या दात्यांनी बर्फ खरवडत कुणी ढकल घेतली तर तो खर्र आवाज परीक्षकांना पाठ फिरवूनही कळतो.

"लहानपणी पुण्यात रोलर स्केटिंग केलंय, मला सोपं जाईल"

माझंही असंच मत होतं. चाकांवरच्या सवयीने पडायची भीती कमी असते, एवढा फायदा खरा. पण चार चाकांच्या स्केट्समध्ये पुढचा ठोकळा ब्रेकसाठी असतो, आणि अंगठ्याकडे भार टाकायची पायाला सवय असते. बर्फावर तिथे दाते आहेत. भार पुढे गेला की दाते रुततात आणि माणूस थेट तोंडावर. पहिल्याच दिवशी मी अशी आडवी झाले की बाजूची सहा वर्षांची मुलगी थांबून म्हणाली, "आर यू ओके?" मुंबईच्या गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचं मैदान होतं, तिथे एक-दोनदा रेलिंग धरून चाललेल्यांनी तर आपण स्केटिंग शिकलो हा समज लगेच सोडावा.

"वय झाल्यावर शिकता येत नाही" आणि त्याचा जुळा भाऊ

जुळा भाऊ म्हणजे "वयाने काही फरक पडत नाही". दोन्ही चूक. २०२४ मध्ये मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत डिआना स्टेलाटो-ड्यूडेकने माक्सीम देशांबरोबर जोडीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती ४० वर्षांची होती. आमच्या ग्रुपवर ते दिवसभर फिरत राहिलं. पण तीच बाई २००० साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलेली होती. मध्ये अनेक वर्षं खेळ सुटला तरी पाय सगळं शिकून बसलेले होते. चाळिशीत पहिल्यांदा बूट बांधणाऱ्याने तिच्याकडे पाहून हुरूप घ्यावा, वेळापत्रक घेऊ नये.

मोठेपणी शिकणाऱ्याला खरं अडवतं ते वेगळंच. मूल पडतं ते दोन फुटांवरून, आपण पडतो ते पाच फुटांवरून, आणि शरीराला हा हिशोब पक्का ठाऊक असतो. म्हणून गुडघे ताठ होतात. ताठ गुडघ्यावर कड धरता येत नाही. माझ्या कोच बाई वर्षभर एकच वाक्य बोलत होत्या, गुडघे वाकव. मला वाटायचं वाकलेत. मग एकदा त्यांनी मोबाइलवर चित्रण करून दाखवलं. पडद्यावर एक बाई बँकेच्या रांगेत उभी असावी तशी बर्फावरून चालली होती. तयारीत चित्रणाइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलं नाही. त्याखालोखाल, दूध उतू जायची वाट पाहत ओट्यापाशी एका पायावर उभं राहणं. दोन्ही पाय, आणि नावडता पाय दुप्पट. परीक्षेत प्रत्येक गोष्ट उजवीकडे आणि डावीकडे करायची असते, आणि प्रत्येकाची एक बाजू सावत्र असते.

मोठ्यांसाठीच्या स्पर्धा म्हणजे मनाची समजूत, हाही समज आहे. अमेरिकेत प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा १९९५ पासून होते, आणि जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला २००५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते.

"आदल्या दिवशी ब्लेडला नवी धार लावून घे"

नको. नवी धार बर्फात जास्त रुतते, आणि वळताना पाय अडकल्यासारखा होतो. थोडे दिवस आधी लावून तिच्यावर सराव व्हायला हवा. पण धार बोथट असताना परीक्षेला जाणंही तितकंच वाईट. बर्फही सगळीकडे सारखा नसतो. फिगरवाले बर्फ उणे ३-४ अंशांच्या आसपास, थोडा मऊ मागतात, हॉकीवाल्यांना आणखी थंड आणि टणक हवा असतो. परीक्षा दुसऱ्या रिंकवर असेल तर मैदानाचं मापही पाहून घ्यावं. अमेरिकी हॉकीचं मैदान २०० बाय ८५ फूट, ऑलिम्पिक मापाचं ६० बाय ३० मीटर. आपल्या रिंकवर निळ्या रेषेपाशी तिसरं वळण यायची सवय असेल तर तिथे ते भलतीकडेच येतं. नाचता येईना अंगण वाकडं खरं, पण कधी कधी अंगण खरंच रुंद असतं.

"पडलीस म्हणजे नापास"

पडल्याने परीक्षा आपोआप बुडत नाही. गुण प्रत्येक प्रकाराला वेगळे असतात, आणि एक चांगला प्रकार दुसऱ्या कच्च्या प्रकाराला सावरून घेतो. शिवाय सगळं आटोपल्यावर परीक्षक एखादा प्रकार पुन्हा करायला सांगू शकतात. हे बोलावणं आलं की पाय गळतात, पण ती शिक्षा नसते. बाकी सगळं ठीक आहे, एवढं एक दाखव, असा त्याचा अर्थ. मोबदल्याविना काम करणारे हे परीक्षक तुम्हाला पाडायला पहाटे सहाला गोठत बसलेले नसतात.

कागदावर नापास हा शब्दसुद्धा नसतो. 'पास' किंवा 'रीट्राय'. पहिल्या खेपेला मला रीट्राय मिळालं. खाली परीक्षक बाईंचा शेरा होता, कडा चांगल्या, पाच पावलांच्या मोहॉकमध्ये उजवीकडे ओघ तुटतो. घरी येऊन तो कागद मी फ्रिजवर लावला. नवऱ्याने वाचून विचारलं, "पुन्हा फी भरायची?" भरली. दुसऱ्या खेपेला उजवीकडचा मोहॉक सुरू झाला तेव्हा श्वास रोखला गेला, पण गुडघे वाकलेले राहिले.

पास झालेली परीक्षा शिळी होत नाही, ती नावावर राहते. आता सिल्व्हर. तिच्यात मोहॉक आठ पावलांचा आहे. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता दुसरा नंबर?" मी हो म्हणून टाकलं.