जिम्नॅस्टिक्समधील अत्याचार आणि खेळाडूंचे हित

क्रीडाक्षेत्रातील अत्याचार हा एखाद्या प्रशिक्षकाचा वैयक्तिक दोष मानला, की व्यवस्था आपोआप निर्दोष ठरते. ब्रिटनमधील जिम्नॅस्टांच्या चळवळीने हा समज खोडून काढला. २०२० साली अनेक खेळाडूंनी आपले अनुभव उघडपणे मांडल्यावर विधिज्ञ अ‍ॅन व्हाइट यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपविण्यात आली. त्यांच्यापुढे ४०० हून अधिक निवेदने आली. अन्नपाण्यावरील निर्बंध, वजनावरून मानहानी, दुखापत झाली असताही सक्तीचा सराव, असे प्रकार त्यांतून उघड झाले. जून २०२२ मधील अहवालाने १७ शिफारशी केल्या आणि खेळाडूंच्या हितापेक्षा यशाला दिलेल्या प्राधान्यावर बोट ठेवले. या खेळात बालवयापासूनच खेळाडू प्रशिक्षकाच्या सर्वस्वी अधीन असतो. तेव्हा तक्रारीचा निवाडा पदकांत हितसंबंध गुंतलेल्या संघटनेकडे असणे न्याय्य नव्हे.