ऑयलरची संख्या आणि पतपेढीचा हप्ता

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. वाचताना दम लागतो, पण घडण सोपी आहे: २ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, ही गोष्ट आठवते ना? पहिल्या एकतीस घरांतले दाणे मिळून एवढेच होतात. अर्धा पटही अजून भरलेला नसतो.

मी जुने प्रोग्राम दुरुस्त करते. एका पतपेढीतून फोन आला, "मॅडम, गृहकर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर १९०१ चा दाखवतोय. कर्जदार म्हणतायत, मग फिटलंच की!" कर्ज २०१८ सालचं, मुदत वीस वर्षं. दुखणं ओळखीचं होतं. जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो, उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ती भरते. पुढच्या सेकंदाला मोजणी थेट उणे टोकाला, १९०१ मध्ये जाऊन पडते. 'गंगनम स्टाइल' या गाण्यामुळे २०१४ साली यूट्यूबलाही आपला मोजणीचा आकडा ६४ बिटांचा करावा लागला, तोही याच हद्दीपायी.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. ही मूळ संख्या आहे. (संगणकाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.) ते सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलरने, सेंट पीटर्सबर्गमध्ये, १७७२ साली, दृष्टी जवळपास गेलेली असताना. सरळ मार्गाने जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ४,७९२ मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. ऑयलरने ओळखलं की भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा मूळ संख्या अवघ्या ८४! एवढे भागाकार तर चिकाटी असली की कुणीही करेल; चाळणी लावायला ऑयलरच हवा.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की एकोणीस अंकी 'परिपूर्ण' संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते, जशी ६ ची: १+२+३. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही; असल्या निरुपयोगी गमतीसाठी खपणार कोण? १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकाने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा करून येणारी ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली, आणि तिच्यातून आणखी मोठी परिपूर्ण संख्या निघाली.

याच घडणीची, २०२४ साली सापडलेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. पानाला दोन हजार अंक छापले, तरी वीस हजारांवर पानं लागतील.