पहिली हजेरी

आमच्या वस्तीतला एक तरुण जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झाला. विहारात मुलांचे वर्ग घेऊन तयार झालेला कार्यकर्ता. दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, पोरं माझ्याशी बोलत नाहीत. त्यातही आपली तर अजिबात नाही."

मी विचारले, "पहिल्या आठवड्यात काय काय केलंस?" तो सांगत गेला आणि मध्येच अडखळला. कार्यालयाने शिष्यवृत्तीची यादी तातडीने मागितली होती. म्हणून त्याने वर्गात सांगितले होते, "एससीची मुलं उभी राहा."

सातवीत असताना मीही असाच उभा राहिलो होतो. आम्ही पाच-सहा जण उभे आणि बाकीचा वर्ग वळून पाहणारा. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी नावे लिहिली आणि ते फळ्याकडे वळले. त्यानंतर वर्षभर मी त्यांना एकही शंका विचारली नाही. गणित कच्चे राहिले ते तेव्हापासून.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद असतेच. यादी तिथून निघते. एखादा दाखला कमी असेल तर पालकांना बोलवावे किंवा संध्याकाळी घरी जावे. भर वर्गात कुणाला उभे करण्याची गरजच काय?

बाबासाहेबांनी शाळेतल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बसायला घरून नेलेले गोणपाट आणि पाणी द्यायला शिपाई. ज्या दिवशी शिपाई नसेल, त्या दिवशी तहान तशीच मारायची. त्याच बाबासाहेबांना मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. ते त्यांचे वर्गशिक्षकही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याची विचारपूस केली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. केळुसकरांना आधी वाचणारा मुलगा दिसला. शिक्षक-विद्यार्थी नात्याचा पाया एवढाच आहे.

मी वकील आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. जातीवरून अपमान करणाऱ्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. हे कायदे हवेतच. पण मूल हात वर करून "सर, कळलं नाही" म्हणेल, अशी सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. तो विश्वास शिक्षकालाच मिळवावा लागतो.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. मुलांना पूर्ण नावाने हाक मारा, टोपणनावाने नको. पहिल्याच दिवशी "वडील काय करतात?" हे सर्वांसमोर विचारू नका. बाक दर आठवड्याला बदला. पोषण आहाराच्या वेळी मुलांच्या पंगतीत बसून जेवा. वाढणे, झाडणे ही कामे सर्वांना पाळीपाळीने द्या. मूल तीन दिवस आले नाही, तर घर गाठा. ऊसतोडीला गेले की आजारी आहे, ते तिथेच कळेल. आणि कीव करू नका. "याला एवढे पुरे" म्हणणारा शिक्षक मारणाऱ्याइतकेच नुकसान करतो. अवघड गणित आपल्या मुलांनाही द्या आणि सुटेपर्यंत शेजारी बसा.

तो तरुण गप्प झाला होता. "चूक माझ्याच हातून झाली," म्हणाला. मी म्हणालो, "मग मुलांना तसं सांग." सुट्टीनंतर त्याने वर्गाची माफी मागितली. महिन्याभराने त्याचा फोन आला. मधल्या सुट्टीत एका मुलीने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, हे भागाकाराचं पुन्हा सांगा ना."

आपल्या वस्त्यांतून आज अनेक जण शिक्षक झाले आहेत. दरवर्षी शाळा उघडण्याआधी एका रविवारी त्यांना विहारात एकत्र बसवा. जुन्यांनी नव्यांना पहिल्या आठवड्याबद्दल सांगावे. 'शिका' म्हणणाऱ्या चळवळीने कसे शिकवायचे, हेही बोलले पाहिजे.