पैलवान मोटारीचे वजन कुठून उतरवावे?

अमेरिकेत १९६०च्या दशकात मोटारींची एक नवी जात निपजली. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर ती सुसाट सोडायची! या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणू लागले. मसल म्हणजे स्नायू. तेव्हा आपण त्यांना पैलवान मोटारी म्हणू. १९६४ साली आलेली फोर्ड कंपनीची मस्टँग याच घराण्यातली. (काटेकोर जाणकार तिला चुलत घराण्यात घालतात.) पण शर्यतीच्या मार्गावर वळणे असतात, आणि तिथे पैलवानाला स्वतःचेच वजन जड होते.

१९६५ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी काही मस्टँग गाड्यांची मागची बैठक काढली, खिडक्यांना काचेऐवजी हलके प्लॅस्टिक लावले आणि त्या शर्यतीत उतरवल्या. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये, फोर्डने ‘शेल्बी जीटी३५०आर’ ही गाडी पुढे आणली. इंजिन ‘जीटी३५०’ या साध्या भावंडाचेच, ५२६ अश्वशक्तीचे. मात्र मागची आसने, वातानुकूलन, रेडिओ, सामानाच्या कप्प्यातला गालिचा असे बरेच काही काढून वजन सुमारे ६० किलोंनी उतरवले होते.

आता तुम्ही म्हणाल, सुमारे १७०० किलोंच्या गाडीत ६० किलो म्हणजे शेकडा साडेतीनच की! शिवाय पाठ्यपुस्तक उघडाल तर आणखी पेच पडेल. वळणावर लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते, आणि ते पुरवणारे टायरचे घर्षणही वस्तुमानाच्याच प्रमाणात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटून जाते. म्हणजे हलकी गाडी आणि जड गाडी एकाच वेगाने वळण घेऊ शकतील. मग हा खटाटोप कशाला?

पाठ्यपुस्तकातला नियम कोरड्या, कठीण पृष्ठभागांना बराचसा लागू पडतो. रबर मात्र तो पुरता पाळत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणून हलकी गाडी त्याच टायरांवर थोडी अधिक वेगाने वळते.

ब्रेकचे गणित तर सरळच आहे. १७०० किलोंची गाडी ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने, धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा ½ × १७०० × ५० × ५० = सुमारे २१ लाख जूल. गाडी थांबवताना यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल! ६० किलो कमी झाल्याने दर खेपेस ७५ हजार जूल वाचतात. एका फेरीत अनेकदा ब्रेक लावावा लागतो, आणि फार तापलेला ब्रेक नीट धरत नाही.

पण मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती चाकांवरची बचत. तेवढ्याच मापाचे ॲल्युमिनियमचे चाक सुमारे १५ किलोंचे असते. या गाडीचे कार्बन तंतूंचे चाक सुमारे ८ किलोंचे. चाक पुढे जाते आणि त्याच वेळी फिरतेही. अगदी काठावरच्या एक किलो वस्तुमानाला पुढे जाण्यासाठी जितकी ऊर्जा लागते तितकीच फिरण्यासाठी लागते. म्हणजे तो किलो दोन किलोंसारखा वागतो! आसाजवळच्या वस्तुमानाला ही दुप्पट लागू होत नाही.

घरी पडताळून पाहा. एक फळी तिरकी टेकवा आणि वरून एक बांगडी व एक नाणे एकदमच घरंगळत सोडा. नाणे आधी खाली पोचेल, बांगडी हलकी असली तरीही. कारण तिचे सारे वस्तुमान काठावर आहे.

हलक्या चाकाचा आणखी एक गुण. खड्ड्याउंचवट्यावरून उडालेले चाक हलके असेल तर स्प्रिंग त्याला लवकर रस्त्यावर दाबून आणते. चाक हवेत असेपर्यंत घर्षण शून्य, आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही त्या चाकापुरते निकामी.

गमतीची गोष्ट अशी की ज्या गिऱ्हाइकांना उकाडा सोसवत नसे, त्यांना जादा पैसे मोजून या गाडीत वातानुकूलन परत बसवून घेता येई. चाके मात्र कार्बनचीच राहत.