पेट्रोलचा कांटा खोटें कां बोलतो?

मोटार चालविणारा मनुष्य एका लहानशा कांट्यावर फार विसंबून असतो. तो कांटा खोटें बोलूं लागला, म्हणजे दोन प्रसंग ओढवतात. टाकी रिकामी असतां ती अर्धी भरलेली दिसते आणि गाडी आडरानांत उभी राहते. किंवा भरलेली टाकी रिकामी दिसते आणि मालक टाकीच खालीं उतरवावयास सांगतो. हा दुसरा प्रसंग नुसता खर्चाचा नाहीं. पेट्रोलची वाफ मोकळी सुटत असल्यामुळें तो धोक्याचाहि आहे. आणि इतकें करून दोष निघावयाचा टाकीबाहेरच्या एकाद्या गंजलेल्या जोडांत!

अमेरिकेंत १९६७ ते १९७२ या काळांत बनलेली फोर्डची एफ-१०० ही पिकप् गाडी उदाहरणादाखल घ्यावी. हिची टाकी बहुधा चालकाच्या बैठकीमागें, केबिनमध्येंच बसविलेली असते. टाकींत एक पोकळ गोळा पेट्रोलवर तरंगतो. तो वरखालीं झाला कीं त्याच्या दांड्याचें टोंक रोध-तारेवरून सरकतें. टाकी रिकामी असतां हा रोध सुमारें ७३ ओहम असतो, भरलेली असतां सुमारें १०. कांट्याच्या मागें दोन धातूंची एक जोडपट्टी असून तिच्याभोंवतीं बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला कीं पट्टी तापून वांकते आणि कांटा चढतो. पट्टी तापावयास वेळ लागतो, म्हणूनच खड्ड्यांतून जातांना पेट्रोल डचमळलें तरी कांटा नाचत नाहीं. बॅटरीचा दाब मात्र कमीजास्त होतो. यासाठीं एक नियंत्रक प्रवाह क्षणोक्षणीं तोडून-जोडून सरासरी ५ व्होल्ट दाब पुरवितो.

हें यंत्र समजलें, म्हणजे दोष शोधण्याचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम शेजारचा उष्णतेचा कांटा पाहावा. त्यालाहि हाच नियंत्रक दाब पुरवितो. दोन्ही कांटे एकदमच चुकूं लागले, तर संशय नियंत्रकावर घ्यावा. एकटा पेट्रोलचाच कांटा चुकत असेल, तर पुढील परीक्षा करावी.

चावी बंद करून टाकीवरील मापकाची तार सोडवावी. मग चावी फिरवावी. कांटा रिकाम्या खुणेवर राहिला पाहिजे. पुन्हां चावी बंद करून ती तार १० ओहमच्या रोधामार्फत गाडीच्या सांगाड्याशीं जोडावी. हा जोड टाकीपासून दूर आणि चावी फिरविण्यापूर्वींच पक्का करावा. कारण वाफेजवळ एक ठिणगीहि पुरेशी आहे. रोध न घालतां तार सरळ सांगाड्यास लावून ठेवणें इष्ट नाहीं. अतिप्रवाहानें कांट्याची तार जळूं शकते. चावी फिरविल्यावर कांटा सावकाश भरल्या खुणेपर्यंत चढला, तर कांटा व तार निर्दोष आहेत. न चढल्यास हीच परीक्षा कांट्याच्या पाठीमागील टोंकाशीं करावी. तेथें तो चढला, तर मधली तार तुटली आहे. तेथेंहि न चढल्यास कांटा किंवा त्याचा पुरवठा सदोष आहे.

कांटा निर्दोष ठरल्यावरहि टाकी उघडण्याची घाई करूं नये. टाकीचें अंग व सांगाडा यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य हवा. जोड गंजला असेल तर तेथील रोध मापकाच्या रोधांत मिळतो आणि टाकींत आहे त्याहून पेट्रोल कमी दिसतें. असा जोड घासून स्वच्छ केला कीं काम भागतें. तो चांगला असूनहि दोष राहिला, तर मापकाचें टोंक व टाकी यांमधील रोध मोजावा. भरल्या टाकीलाहि तो ७३ च राहिला, तर गोळ्यांत पेट्रोल शिरून तो बुडाला आहे किंवा दांडा अडकला आहे. प्रवाह मुळींच जात नसेल, तर आंतील रोध-तार तुटली आहे किंवा दांड्याचें टोंक तिच्यापासून सुटलें आहे. आतां मात्र मापक बाहेर काढणें अपरिहार्य होय.

एक सावधगिरी राखावी. त्याच काळच्या शेव्हरोले पिकप् गाड्यांत क्रम उलट आहे: रिकाम्या टाकीस शून्य ओहम, भरल्या टाकीस ९०. तेथें तार सोडवली कीं कांटा भरल्या खुणेकडे धांवतो. एका गाडीची परीक्षा दुसरीला लावणारा मनुष्य निर्दोष कांटा फेकून देईल. म्हणून आधीं गाडीची रीत जाणावी, मग परीक्षा करावी, आणि टाकीला हात सर्वांत शेवटीं लावावा.