विश्लेषण : पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर गाजला घड्याळामुळे, मग तेच घड्याळ आता सेव्ह का पुसतेय?

निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘पोकेमॉन सिल्व्हर’ हे जोडगेम जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९९ रोजी आले. मालिकेतील सर्वोत्तम गेम म्हणून अनेक चाहते आजही त्यांचेच नाव घेतात. मात्र मूळ कार्ट्रिजमधील सेव्ह आता एकेक करून पुसले जात आहेत.

गेम नेमका काय आहे?

जोहतो या काल्पनिक प्रदेशात फिरून पोकेमॉन पकडायचे, लढवून त्यांची लेव्हल वाढवायची आणि आठ जिमप्रमुखांना हरवून बॅज मिळवायचे. आधीच्या गेममधील १५१ पोकेमॉनमध्ये १०० नव्यांची भर पडली. काही पोकेमॉन फक्त गोल्डमध्ये, काही फक्त सिल्व्हरमध्ये मिळतात. त्यामुळे संग्रह पूर्ण करायचा तर केबल जोडून मित्राशी अदलाबदल करावीच लागते.

जमेच्या बाजू कोणत्या?

पहिली म्हणजे घड्याळ. गेम बॉय बंद असतानाही कार्ट्रिजमधील घड्याळ चालूच राहते. रात्री खेळलात तर पडद्यावरही रात्र असते. गवतात हूटहूट रात्रीच दिसतो, युनियन केव्हमध्ये लॅप्रस फक्त शुक्रवारी भेटतो. तुमच्यावर जीव जडलेला ईव्ही दिवसा एस्पिऑन होतो, तर रात्री अंब्रिऑन.

दुसरी म्हणजे आवाका. जोहतो संपल्यावर आधीच्या गेममधील कान्तो प्रदेश खुला होतो आणि एकूण बॅज १६ होतात. इंग्रजी आवृत्ती मात्र जेमतेम २ एमबीची, म्हणजे मोबाइलवरील एखाद्या फोटोएवढी! पुढे निन्टेन्डोचे प्रमुख झालेले सातोरु इवाता यांनी चित्रे कमी जागेत बसवणारी साधने या गेमसाठी तयार केली होती.

कुठे कमी पडतो?

लेव्हलचे गणित फसले आहे. कान्तोतील शेवटचा जिमप्रमुख ब्लू याचे पोकेमॉन ५८ लेव्हलपर्यंतचे, तर अंतिम प्रतिस्पर्धी रेडचा पिकाचू थेट ८१ लेव्हलचा. मधले अंतर भरायला त्याच त्या लढती तासन्‌तास कराव्या लागतात. हाउंडूर, मर्क्रो हे नवे पोकेमॉनही थेट कान्तोत, म्हणजे फार उशिरा मिळतात. शिवाय कान्तो आटलेला आहे; सफारी झोन तर बंदच.

सेव्ह का पुसला जातो?

घड्याळ आणि सेव्हची मेमरी, दोन्ही कार्ट्रिजमधील ‘सीआर२०२५’ या बटणाएवढ्या सेलवर चालतात. घड्याळ अखंड चालत असल्याने आधीच्या गेमपेक्षा येथे सेल लवकर संपतो आणि त्याबरोबर सेव्हही जातो. गेम स्वतः मात्र शाबूत राहतो.

उपाय काय?

सेल जिवंत असेपर्यंत कार्ट्रिज रीडरने सेव्ह संगणकावर उतरवून घ्यावा. नवा सेल सोल्डर करून बसवल्यावर तो परत चढवता येतो. २०१७ मध्ये थ्रीडीएसवर आलेल्या डिजिटल आवृत्तीत ही अडचण नव्हती. पण त्या दुकानातील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली.

तुमच्याकडे जुनी कार्ट्रिज पडून असेल तर आजच लावून पाहा. ‘कंटिन्यू’ दिसले तर आधी बॅकअप घ्या, मग खेळा. फक्त ‘न्यू गेम’ दिसले, तर जुना संग्रह गेला असे समजा. तरीही सेल बदलून घ्या. नाहीतर नवा खेळही टिकणार नाही.